टाळी मागे का पडते? घरची उपासना आणि बिनवायरचा स्पीकर

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



गेल्या दोन महिन्यांत आपल्या गटांवर उपासनेच्या वेळेबद्दल जेवढे प्रश्न आले नसतील तेवढे स्पीकरबद्दल आले. "स्पीकर जोडला पण आवाज फोनमधूनच येतोय." "टीव्हीवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात." "आरती रंगात आली आणि स्पीकरवर कुणाची तरी रिंगटोन." आणि सगळ्यांत गंभीर म्हणजे बेळगाव आणि इंदूर इथल्या दोन घरांमधला वाद. बेळगावकर म्हणतात, आम्ही टाळ्या बरोबर देतो, इंदूरवालेच मागे राहतात. इंदूरकर नेमकं हेच बेळगावकरांबद्दल म्हणतात. दोघंही खरंच बोलतायत. ते कसं, ते पुढे येईलच.

गुरुवारची ऑनलाइन उपासना लावून देण्याची सेवा आम्ही तिघं-चौघं करतो. आमच्यात कुणी इंजिनियर नाही. चुकत-माकत, वाचत, विचारत जे समजलं ते एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. लेख थोडा लांबला आहे. घाईत असाल तर ठळक अक्षरांतलं पाहून आपल्या कामाचं तेवढं वाचा, पण पुढची काकूंची गोष्ट मात्र कृपया सोडू नका.

*काकूंचा ताल सुटला नव्हता*

इंदूरच्या एका घरी पन्नासएक वर्षं भजनाची पहिली ओळ काकू उचलतात. वय शहात्तर. पेटी नसली तरी चालेल, काकू हव्यात, अशी त्या घरची रीत. मध्यंतरी घरी माणसं जास्त जमू लागली म्हणून नातवानं हौसेनं मोठा ब्लूटूथ स्पीकर आणला, फोनमध्ये माइकचं ॲप टाकलं आणि फोन आजीसमोर ठेवला. आजीचा आवाज फोनमधून स्पीकरवर, आणि मागच्या खोलीपर्यंत सगळ्यांना ऐकू. हेतू चांगलाच होता.

त्या गुरुवारी काकू दुसऱ्याच ओळीला अडखळल्या. पुढच्या गुरुवारी शब्द ओढल्यासारखे झाले, एक कडवं मधेच थांबलं. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी स्वतःच सांगितलं, "आता माझ्याच्यानं होत नाही, धाकटीला म्हणू द्या." घरात हळू आवाजात बोलणी सुरू झाली. विसरायला लागल्यात का, डॉक्टरला दाखवायचं का. सूनबाईंनी आम्हाला फोन केला तो स्पीकरसाठी नव्हताच. पुढच्या गुरुवारी भजन कोण म्हणणार याची व्यवस्था करायला केला होता.

आमच्यातले एक जण तिथेच राहतात. ते संध्याकाळी सहज जाऊन बसले आणि काकूंना एक भजन म्हणायची विनंती केली. स्पीकर बंदच होता. काकूंनी सगळं भजन म्हटलं, एक अक्षर इकडेतिकडे नाही. मग स्पीकर लावला. दुसऱ्या ओळीला घोटाळा! मग आमच्या माणसानं स्वतः त्या फोनसमोर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून पाहिलं. तीन वाक्यांत तोही बोबडा झाला. नातू हसत सुटला, त्यालाही वाचायला लावलं, त्याचीही तीच गत.

कारण असं. आपण बोलतो तेव्हा आपले कान सतत आपला आवाज तपासत असतात. तोच आवाज साधारण एक पंचमांश सेकंद उशिरा कानावर आला की मेंदू गोंधळतो. तो थांबून वाट पाहतो, अक्षर लांबवतो, कधी तेच अक्षर पुन्हा म्हणतो. बर्नार्ड ली नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९५० सालीच हे नोंदवून ठेवलं आहे. चांगली धडधाकट, स्वच्छ बोलणारी माणसं यात अडखळतात. ही काही म्हातारपणाची किंवा विसरभोळेपणाची खूण नाही. फोनचा माइक आणि ब्लूटूथ मिळून नेमका तेवढाच, कधी त्याहूनही जास्त उशीर करतात.

उपाय चारशे-पाचशे रुपयांचा निघाला. त्याच स्पीकरला मागे माइकचं भोक होतं, त्यात साधा वायरचा माइक लावला. काकू पुन्हा म्हणू लागल्या. नातवाला मात्र फार वाईट वाटलं होतं, तेव्हा त्याला कुणी बोलू नये.

म्हणून पहिली विनंती: *जो गातो किंवा बोलतो, त्याचा आवाज ब्लूटूथवरून त्याच्याच कानावर परत येऊ देऊ नका.* माइक हवाच असेल तर वायरचा घ्या, नाहीतर मंडपवाले वापरतात तो, वेगळा रिसीव्हर असलेला कॉर्डलेस माइक घ्या. त्या माइकचं तंत्र वेगळं असतं, त्यात जाणवण्याइतका उशीर नसतो. वायर नसली म्हणजे ते ब्लूटूथच, असं नाही.

*आधी जोडणी नीट करू*

यात फार काही नाही, पण अर्धे फोन यासाठीच येतात, म्हणून लिहितो. स्पीकर चार्ज करा. ब्लूटूथचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. काही स्पीकरांत चालू करण्याचंच बटण जास्त वेळ दाबावं लागतं. मग फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडा, यादीत स्पीकरचं नाव आलं की त्यावर बोट ठेवा. जुना स्पीकर आकडा मागतो, तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो.

स्पीकरचं नाव यादीत दिसत नसेल किंवा जोडून लगेच सुटत असेल, तर दहात आठ वेळा कारण एकच. तो आधीच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनला चिकटलेला असतो. स्पीकर चालू झाला की शेवटच्या ओळखीच्या फोनला शोधतो, आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या मुलाच्या खिशातला फोन त्याला सापडतो. वडोदऱ्याच्या एका घरी आरतीच्या मधोमध क्रिकेटची कॉमेंटरी आली ती अशीच. उपासनेपुरतं बाकीच्यांनी आपलं ब्लूटूथ बंद ठेवावं. तरीही जमेना तर दोन्ही फोनांवरून ती जोडणी 'विसरा' किंवा 'फर्गेट' करून नव्यानं जोडावी.

जोडलं गेलं तरी आवाज फोनमधूनच येत असेल तर त्या स्पीकरच्या नावापुढचं चाक उघडून 'मीडिया ऑडिओ' चालू आहे ना ते पाहा. तिथेच 'फोन कॉल' असाही पर्याय असतो. नुसतं रेकॉर्ड केलेलं प्रवचन किंवा यूट्यूब लावणार असाल तर तो बंद करा, म्हणजे आलेला फोन स्पीकरवर बोलणार नाही. रिंगटोन आणि मेसेजची टिंगटिंग थांबवायला 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. हे आरतीआधी करायचं असतं, आरतीत फोन वाजल्यावर नाही!

आवाज तुटत असेल तर फोन आणि स्पीकर यांच्यामध्ये काय आहे ते बघा. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या. घरातला वायफाय आणि मायक्रोवेव्ह यांचाही कारभार त्याच पट्ट्यात चालतो. पाणी या लहरी शोषून घेतं, आणि माणसाच्या अंगात पाणीच जास्त. म्हणजे फोन खाली सतरंजीवर आणि मध्ये वीस माणसं मांडी घालून बसलेली असली की आवाज तुटणारच. फोन उंचावर, देवघराच्या कपाटावर ठेवा. कपाट लोखंडी असेल तर आत ठेवू नका. खोक्यावर दहा मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेतलं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती किंवा ग्वाल्हेरकडची दगडी घरं यांच्यात एका भिंतीपलीकडे आवाज पोचला तरी पुष्कळ.

*उशीर येतो कुठून*

आपल्याकडे नळाला पाणी तुटक येतं म्हणून आपण टाकी भरतो, मग घरातला नळ सलग चालतो. स्पीकरही तेच करतो. फोन आवाजाचे लहान लहान तुकडे करतो, ते दाबून छोटे करतो आणि हवेतून पाठवतो. वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा पाठवावा लागतो. तेवढ्यात गाणं तुटू नये म्हणून स्पीकर थोडे तुकडे आधी साठवतो आणि मगच वाजवायला लागतो. ही टाकी भरायला लागणारा वेळ म्हणजे आपला उशीर. साध्या ब्लूटूथ स्पीकरला तो साधारण १५० ते २५० मिलिसेकंद असतो. १००० मिलिसेकंदांचा एक सेकंद, म्हणजे हा उशीर सेकंदाच्या साधारण सातव्या ते चौथ्या भागाएवढा.

खोक्यावरचा ब्लूटूथचा आकडा ५.० आहे की ५.३, यानं हा उशीर आपोआप कमी होत नाही. दुकानदार सांगतो, पण तसं नसतं. आवाज दाबण्याची पद्धत कुठली आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. सगळ्या जुन्या-नव्या संगीताच्या ब्लूटूथला समजणारी पद्धत म्हणजे एसबीसी, आणि तिचाच उशीर वर सांगितला. 'ॲप्टएक्स लो लेटन्सी' नावाची पद्धत ४० मिलिसेकंदांच्या आसपास येते, पण ती फोन आणि स्पीकर दोघांतही असावी लागते. २०२० साली 'एलई ऑडिओ' नावाची नवी पद्धत जाहीर झाली, तिच्यातही उशीर कमी होतो. पण तीही दोन्हीकडे हवी. नुसता नवा स्पीकर आणून जुन्या फोनला लावला तर पैसे गेले आणि उशीर तसाच.

आपल्या घरचा उशीर किती ते पाहायचं असेल तर एक गंमत करा. फोनवर पेटीचं किंवा पियानोचं एखादं ॲप उघडा, स्पीकर जोडा आणि पडद्यावरची पट्टी नखानं टकटक वाजवा. आधी नखाची टक, मग स्पीकरचा सूर. आता ब्लूटूथ बंद करून तीच पिन वायरनं जोडा आणि पुन्हा वाजवा. दोन्हींतला फरक हा ब्लूटूथचा. मुलांना हे फार आवडतं. बोलून सांगितलेलं जे पटत नाही ते यात चटकन पटतं.

आता मुख्य मुद्दा. उशीर स्वतः वाईट नसतो. *दोन गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्या असतात, तेव्हाच तो टोचतो.* रेकॉर्ड केलेलं प्रवचन नुसतं ऐकायचं असेल तर पाव सेकंद उशिरा आलं काय आणि अर्धा सेकंद आलं काय, कुणाला कळणार आहे? तंबोऱ्याचं ॲप खुशाल ब्लूटूथवर लावा, त्यात मात्राच नाहीत. तबल्याचं ॲपही चालेल, कारण गाणारा स्पीकरवर येईल तोच ठेका धरतो. पण तोच ठेका कुणी फोनच्या पडद्यावर पाहून टाळ वाजवू लागला की झालंच. डोळ्यांचा ठेका वेगळा आणि कानांचा वेगळा.

*टीव्ही आणि ओठ*

नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी कपडे धूत असेल तर कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून शंभर मीटरवरून येताना त्याला जवळजवळ ३०० मिलिसेकंद लागतात. हे आपण लहानपणापासून पाहतो, म्हणून आवाज थोडा मागून आला तर मन चालवून घेतं. आवाज आधी आणि ओठ नंतर, हे मात्र निसर्गात कधीच होत नाही, त्यामुळे ते लगेच खटकतं. प्रसारणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही हा फरक दिसतो. आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाच्या लक्षात येतं, मागून यायचा असेल तर १२५ पर्यंत लक्षात येत नाही. ब्लूटूथचे २०० त्याच्या पलीकडचे, म्हणून ओठ खोटे वाटतात.

फोनवर यूट्यूबचं जुनं प्रवचन लावलं तर मात्र बहुधा ओठ जुळतात. फोनला ठाऊक असतं की स्पीकर उशीर करणार आहे, म्हणून तो चित्रच तेवढं थांबवून धरतो. म्हणजे चोर तिथेच असतो, फक्त दिसत नाही.

टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर जोडला की तक्रारी सुरू होतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'एव्ही सिंक' सापडतं, आणि आपण आनंदानं आकडा वाढवतो. त्यानं आवाज आणखी मागे जातो! बहुतेक टीव्हींत या सेटिंगनं आवाज फक्त लांबवता येतो, पुढे आणता येत नाही. आपला आवाज आधीच मागे आहे, तेव्हा तो आकडा शून्यावर ठेवा. काही नव्या टीव्हींत ब्लूटूथसाठी वेगळं सेटिंग असतं, ते असेल तर करून पाहा. खरा उपाय मात्र वायरचा. एचडीएमआयच्या ज्या भोकावर 'एआरसी' लिहिलंय ते, किंवा ऑप्टिकल, किंवा हेडफोनची साधी पिन.

लॅपटॉप एचडीएमआयनं टीव्हीला आणि लॅपटॉपचा आवाज पिननं थेट मोठ्या स्पीकरला, अशी जोडणी काही मंडळांत आहे. तिथे उलटं होतं. टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो, आवाज आधी पोचतो. टीव्हीचा 'गेम मोड' लावा, चित्र लवकर येतं. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये फाइल लावत असाल तर 'के' या कळीनं आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो आणि 'जे' नं तेवढाच पुढे येतो. ओठ जुळेपर्यंत दाबत राहा.

*व्हिडिओ कॉलवर पेटी डब्यात का जाते*

ब्लूटूथची गाण्याची वाट वेगळी आणि फोन कॉलची वेगळी. नुसतं ऐकायचं असतं तेव्हा सगळी जागा आवाजाला मिळते. कॉल सुरू झाला की माइकचा आवाज परत पाठवायचा असतो, म्हणून स्पीकर दुसऱ्या वाटेला लागतो. ती वाट बोलण्यापुरती, अरुंद. तिच्यातून पेटी आणि तबला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येतात. शिवाय कॉलसाठी माइकही स्पीकरचाच धरला जातो. आपण फोनसमोर बसून गात असतो आणि ऐकत असतो कोपऱ्यातला स्पीकर. मग समोरचे म्हणतात, "तुमचा आवाज विहिरीतून येतोय."

यावर उपाय सांगून सांगून आम्ही थकलो, तरी पुन्हा सांगतो: *कॉलच्या वेळी स्पीकर पिनेच्या वायरनं जोडा.* नव्या फोनला पिनेचं भोक नसतं, त्याला टाइप-सीचा जोड मिळतो. चालणारा जोड फोन दुकानात नेऊन, लावून बघूनच घ्यावा.

दुसरं, ही ॲप्स बोलण्यासाठी बनलेली असतात. घंटा, टाळ, तंबोरा म्हणजे त्यांच्या लेखी गोंगाट, आणि ती तो पुसून टाकायला बघतात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' असा पर्याय आहे. जे घर गाणार आहे, त्या घरानं तो चालू करावा. बाकीच्यांनी गरज नाही.

आणि एकाच खोलीत दोन फोनांनी कॉलला येऊ नका. काकांचा एक, वहिनींचा एक, दोन्हींचे आवाज चालू, मग जो घुमारा उठतो त्यानं विजापूरचा गोल घुमट आठवतो. आपल्या कानांना ३०-४० मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन आवाज एकच वाटतात, ५० च्या पुढे गेले की ते दोन होतात. हेच कारण सभागृहात एक स्पीकर वायरचा आणि एक ब्लूटूथचा न लावण्याचं. लावायचे तर सगळे एकाच वाटेचे लावा.

*बेळगाव आणि इंदूर यांचा निवाडा*

समजा इंदूरनं टाळी दिली. ॲप, वायफाय, मधले सर्व्हर मिळून बेळगावला पोचायला १५० मिलिसेकंद धरू. बेळगावच्या ब्लूटूथचे २००. म्हणजे बेळगावकरांना ती टाळी ३५० मिलिसेकंदांनी ऐकू आली. त्यांनी ती ऐकून अगदी बरोबर, एक केसही न चुकता टाळी दिली. ती टाळी इंदूरला परत जाताना पुन्हा १५०, आणि इंदूरच्या स्पीकरचे २००. इंदूरकरांना बेळगावची टाळी ७०० मिलिसेकंदांनी ऐकू येते. मध्यम लयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे बेळगाव जवळजवळ दीड मात्रा मागे! बेळगावनं सुरुवात केली की हाच हिशोब उलटा, आणि मागे पडतं इंदूर. दोन्ही घरं आपापल्या खोलीत बिनचूक असतात. तेव्हा तो वाद आता मिटवावा.

काही जणांना वाटतं, गाव लांब म्हणून उशीर. तसं नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला फक्त ५ मिलिसेकंद. खरा वेळ खातात दोन्ही टोकांची यंत्रं.

मग दोन्हीकडे वायर लावली तर? ७०० चे ३०० होतील. बोलायला ते उत्तम. एकत्र गायला तरीही पुरत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले ख्रिस चेफ यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, आवाजात मुद्दाम उशीर घालून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. उशीर वाढला की दोघंही एकमेकांसाठी थांबतात आणि लय संथ होत जाते, असं त्यांना आढळलं. साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे लय धरून वाजवणं कठीण होतं. आपली आरती दर गुरुवारी शेवटच्या कडव्यापर्यंत रडतखडत का पोचायची, ते हे वाचल्यावर आमच्या ध्यानात आलं. दोष कुणाच्या भक्तीचा किंवा तालाचा नव्हता. सगळी घरं एकमेकांना सांभाळून घेत होती, म्हणूनच लय पडत होती.

म्हणून आपण ठरवलं की *एक घर गाईल, बाकी सगळे आपला माइक बंद ठेवून आपापल्या घरात मोकळ्या गळ्यानं म्हणतील.* जे ऐकू येतं त्याच्याबरोबर म्हणायचं, मागे-पुढे पाहायचं नाही. प्रत्येक खोलीत आरती अगदी जुळते.

हा नियम सांगितल्यावर हैदराबादच्या एका ताईंचा मेसेज आला, "म्हणजे आमचा आवाज कुणाला नकोच." तो मेसेज वाचून आम्हाला दोन दिवस चैन पडलं नाही. त्यांचं चूक नव्हतं. आपल्यापैकी पुष्कळ घरं अशा गावांत आहेत जिथे आसपास मराठी बोलणारं दुसरं घर नाही. आठवड्यातून एकदा आपला आवाज आपल्या माणसांत मिसळावा एवढीच इच्छा असते, आणि आम्ही तिथेच बटण दाबायला सांगतो.

त्यामुळे दोन बदल केले. गाण्याची पाळी दर गुरुवारी फिरती केली, ठराविक दोन घरांकडे ठेवली नाही. आणि शेवटचा जयजयकार सगळ्यांचे माइक उघडून करायचा. त्यात ताल सांभाळायचा नसतो. एकामागून एक आवाज उसळत येतात ते उलट गर्दीसारखे, उत्सवासारखे वाटतात. तिथे उशीर आपल्या कामाला येतो.

उत्सवाला सगळ्यांचा आवाज खरोखर एकत्र हवाच असेल, तर तेही होतं, पण त्याच क्षणी नाही. २०१० साली एरिक व्हिटॅकर या संगीतकारानं बारा देशांतल्या १८५ गायकांचा वृंद असाच जमवला. प्रत्येकानं आपल्या घरी वेगळं रेकॉर्ड करून पाठवलं आणि ते नंतर जोडलं. आपणही आरतीची एक मूळ प्रत सगळ्यांना पाठवू. ती एका फोनवर *वायरच्या* इअरफोननं ऐकत आपला आवाज दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायचा. मूळ प्रतीत सुरुवातीला एक टाळी आहे. ती ऐकू आली की तुम्हीही एक टाळी द्या आणि मग गा. त्या टाळीवरूनच आम्ही सगळे आवाज एका रेषेत आणतो. ब्लूटूथच्या इअरफोननं ऐकलंत तर तुमचं सगळंच मागे येतं आणि ते सरकवत बसावं लागतं. कृपया पेटीबिटी काही लावू नका, नुसता गळा पाठवा. कुत्रं भुंकलं, कुकरची शिट्टी झाली तर चालेल, ते काढता येतं.

*यूट्यूबवरून पाहणाऱ्यांसाठी* एवढंच, की थेट प्रक्षेपण काही सेकंद ते अर्धा मिनिट मागे असतं आणि प्रत्येक घरी वेगवेगळं मागे असतं. तेव्हा "आरती सुरू झाली का?" असं गटावर विचारू नका, आणि तुमच्याकडे सुरू झाली तर इतरांना कळवूही नका. घरात दोन खोल्यांत दोन टीव्हींवर तेच चालू ठेवू नका. ज्यांचं कानाचं यंत्र फोनला ब्लूटूथनं जोडलेलं आहे, अशा आजी-आजोबांना खोलीतला स्पीकर आधी आणि यंत्रातला आवाज मागून ऐकू येऊ शकतो. ते "गोंधळ होतोय" म्हणाले तर ऐका. यंत्राची ब्लूटूथ जोडणी तेवढा वेळ सोडून त्यांना स्पीकरजवळ बसवा.

येत्या गुरुवारी पाळी बेळगावची आहे, त्यापुढच्या गुरुवारी वडोदऱ्याची, मग हैदराबादची. ज्यांची पाळी असेल त्यांनी बुधवारी रात्री नऊ वाजता दहा मिनिटं जोडून पाहावं. आमच्यातलं कुणीतरी हजर असेल. वायर, जोड आणि चार्जर समोर घेऊन बसा. इंदूरच्या काकूंनी निरोप दिलाय की माइक आता ठीक आहे, पण फार जवळ धरला की फुफाटतो, तेव्हा वीतभर लांब धरावा.